हूं देणारी

१

बियाण्याला बुरशीनाशक कसं चोळायचं, हे ऐकून एखादी बाई "अरे वा, किती सुंदर मुद्दा मांडलात!" असं म्हणत असेल, तर तिला डॉक्टरकडं न्यावं. आमच्या पॉडकास्टमधली बाई रोज तसंच म्हणायची. हुमणी, तुरीवरचा मर, सोयाबीनचा पिवळा मोझॅक, काहीही सांगा, तिचा जीव हरखून जायचा.

ती बाई नव्हतीच म्हणा. पुण्यातल्या एका कंपनीचं मशीन होतं. त्यात शेतीचं एखादं पत्रक टाकलं की थोड्या वेळात दोन माणसांच्या गप्पा तयार होऊन बाहेर यायच्या. एक पुरुष सांगणार, एक बाई ऐकणार. दोघंही जगात कुठंच नाहीत. पण दोघं हसायचे, श्वास घ्यायचे, मधेच अडखळायचे, "म्हणजे कसंय ना" म्हणायचे. हे अडखळणं मुद्दाम घातलेलं असतं. कंपनीच्या भाषेत फिलर. फिलर नसला तर ऐकणाऱ्याला वाटतं कुणीतरी वाचून दाखवतंय, आणि तो बंद करतो.

फिलर तपासायचं काम माझ्याकडं होतं. सेनगावात बसस्टँडसमोर प्रमोदचं मोबाइलचं दुकान आहे, त्याच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत मी बसायचो. प्रमोद माझा शाळेतला दोस्त. नांदेडचं इंजिनिअरिंग अर्धवट सोडून मी परत आलो, तेव्हा मला काम देणारा तोच एकटा. गावातल्या बाकी मोठ्या माणसांनी सल्ले दिले. ज्यांच्या स्वतःच्या पोरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलंय, ते सल्ले द्यायला सगळ्यात पुढं होते.

एक दिवस कुरुंद्याच्या एका शेतकऱ्याचा आवाजी मेसेज आला. "काय हो, करपा आमच्या हळदीवर आला, अन् त्या बाईला काहून गुदगुल्या होऊन राहिल्या?"

प्रमोद हसून हसून खाली बसला. मी तो मेसेज तसाच पुण्याला पाठवला. संध्याकाळच्या आत तिथल्या आकांक्षा मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. आवाजांचं सगळं त्याच बघायच्या.

"रत्नपाल, तुमच्याकडे बायका ऐकताना काय म्हणतात?"

"हूं म्हणतात."

"बस? एवढंच?"

"एवढंच. पण त्याच्यातच समदं असते."

त्या खूश झाल्या. "हूं तर फारच सोपा. ओठ मिटलेले असले तरी येतो, माहितीये? आपण चेहऱ्याचे व्हिडिओ करतो ना, त्यात हूंसाठी तोंड हलवावंच लागत नाही. मला खरे हूं पाठव. एखाद्या खऱ्या बाईचे."

मी म्हणालो, पाठवतो. खरा हूं कुणाचा, हे मला शोधत फिरायची गरज नव्हती.

२

माझा बाप अमृतराव. एसटीत वाहतूक नियंत्रक होता. खिडकीत बसून भोंग्यावर गाड्या पुकारायचा, आख्खा स्टँड मान वर करून ऐकायचा. रिटायर झाला, भोंगा तिथंच राहिला, बोलणं तेवढं घरी आलं. तालुक्यात जयंती असो, लग्न असो, शोकसभा असो, बापाचं भाषण ठरलेलं. "दोन शब्द बोलतो अन् जागा घेतो," म्हणतो आणि लोक चुळबुळ करायला लागले तरी जागा घेत नाही. लेकरांचं ऐकून घ्या, हा त्याचा भाषणातला आवडता मुद्दा. घरी मी तोंड उघडलं की उजव्या हाताचं बोट वर. थांब, माझं होऊ दे. त्याचं कधी झालंच नाही.

त्या सगळ्या बोलण्याखाली माझी माय, पद्माबाई, जन्मभर हूं देत आली. आमच्याकडं कुणी काही सांगायला बसलं की ऐकणाऱ्यानं हूं द्यायचा असतो. हूं थांबला की सांगणारा थांबतो. समजतो, समोरचा झोपला किंवा याला माझ्या बोलण्याची कदर नाही. मायच्या हूंवर बाप उभा होता, आणि हे त्याला सोडून सगळ्या गल्लीला माहीत होतं.

तिचे हूं मला पाठ होते. निवडता निवडता दिलेला, हातातल्या कामावरून नजर न उचलता. "कळलं, पुढं चला" असा. "हे मागच्या जयंतीला झालं" असा. पिठात हात असताना नाकातून सोडलेला. आणि एक अगदी वेगळा, शेवट वर उचललेला, "खरं म्हणतो?" असा. तो फक्त मला मिळायचा. बापाला कधीच नाही, कारण बापाकडं नवीन काही नसायचं.

नांदेडहून बॅग घेऊन परत आलो त्या दिवशी बापानं पूर्ण लांबीचं भाषण दिलं. ते संपल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन मायला म्हणालो, "मी आता जाणार न्हाई." तिनं तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, "हूं." त्यात काहून नव्हतं. मी त्या एका हूंवर आजपर्यंत चालतोय. कॉलेज काहून सोडलं, हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगीन तर हिलाच, एवढं नक्की होतं.

हळद निघायचे दिवस होते. आमचं एक एकर आहे, त्यातली घरापुरती हळद माय घरीच शिजवून वाळवून ठेवते. दुपारी मधल्या खोलीत ती हळकुंडं निवडत बसली होती. स्टुलावर पंखा, तो प्रत्येक फेरीला एकदा कट असा आवाज करतो. बाप पलंगावर, जयंतीच्या भाषणाची तयारी चाललेली. मी मोबाइल कोनाड्यात ठेवला.

"माय, तुझा आवाज घेऊन राहिलो. कंपनीला पायजे."

"माझा काय आवाज घ्यायचा रे? त्यायचा घे की."

"त्यायचा नको."

बापानं बोट वर केलं. "तर मी काय सांगत होतो," तो म्हणाला.

माय म्हणाली, "हूं."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या माडीवर बसून मी बापाचं एकेक वाक्य निवडलं आणि डिलीट दाबलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. वाक्य गेलं की त्या जागी तेवढ्याच लांबीची सपाट रेघ उरायची. रेघ, हूं, रेघ, हूं. आख्खी दुपार अशी साफ करून मी पुण्याला पाठवली.

३

नवीन पहिला भाग हळद शिजवण्यावर होता. पुरुष म्हणाला, कंद फार शिजवले तर रंग उतरतो. बाई म्हणाली, "हूं." बस. एवढ्यानंच दोघं एका ओसरीवर बसल्यासारखे झाले. खाली चहाचा गाडा लावणारे जळबामामा माडी चढून वर आले. "ही कोन्या गावची रे? आमच्या घरातलीच वाटून राहिली."

"हाये एक," मी म्हणालो.

"बाई गुणाची हाये. आमची तर मधे बोलते."

ऐकणारे वाढले. आकांक्षा मॅडमनी नाचणारं चित्र पाठवलं. घरी मी मायला इअरफोन लावून ऐकवलं. तिनं थोडं ऐकलं, इअरफोन काढून माझ्या हातात दिला आणि पदरानं कान पुसला.

"काय झालं?"

"मी अशी कुठं बोलते," ती म्हणाली. "आन् त्यो मानूस कोन हाये?"

"मशीन हाये माय. मानूस न्हाई."

"त्यो न्हाई रे. दुसरा."

दुसरा कुणी नव्हताच. मी हसलो. म्हाताऱ्या माणसांना मशीनचं काही कळत नाही, हे माझं तेव्हाचं उत्तर होतं.

चौथ्या का पाचव्या भागाच्या वेळची गोष्ट. विषय गोदामातला तुरीचा भुंगा. पुरुष म्हणाला, "भेटू पुढच्या भागात, नमस्कार." इथं फाइल संपते. ती संपली नाही. थोडा वेळ नुसती खरखर गेली, आणि मग बाई म्हणाली,

"हूं?"

शेवट वर उचललेला. खरं म्हणतो?

मी मागं नेऊन पुन्हा ऐकला. हा हूं मी पाठवलेला नव्हता. पाठवूच शकत नव्हतो, कारण त्या दुपारी फक्त बाप बोलत होता. मी स्वतःला समजावलं. मशीन आवाज ताणतं, वळवतं, दोन हूं मिसळून तिसरा करतं, त्याचेच तर पैसे मिळतात. या पत्रकासाठी त्यानं असा हूं स्वतः बनवला असेल. कात्री लावली, शेपूट कापलं, भाग चढवला.

एवढंच होतं की तो हूं कशाला तरी दिलेला होता. रिकाम्यात कुणी असा देत नाही.

४

घरात फरक पडला तो पहिल्यांदा बापाला कळला.

दुपारचं जेवण झालं होतं. बाप पलंगावर बसून जयंतीच्या मंडपाचं सांगत होता, कोण अध्यक्ष, कुणाला खुर्ची द्यायची, कुणाला नाही. मी दारात बसलो होतो. त्याचं वाक्य संपलं. पंख्यानं कट केलं. त्यानं पुढचं वाक्य सुरू केलं, ते अर्ध्यात थांबलं.

"ऐकून राहिली का?" तो म्हणाला.

मायनं मान हलवली. ऐकत होती. हात हळदीत होते. पण हूं आला नाही.

"तर मी काय सांगत होतो..." आणि त्याला आठवेना. उजव्या हाताचं बोट वर झालेलं, तसंच राहिलं. मी हसलो, अगदी तोंडावर. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाकडं पुढचा शब्द नव्हता.

दोन-तीन दिवसांत माझंही हसू गेलं. मी म्हणालो, माय, प्रमोद नवीन दुकान टाकून राहिला. तिनं माझ्याकडं बघितलं, ओठ थोडे दाबले, आणि काही नाही. भूक लागली म्हणालो, वाढलं. ताप आलाय म्हणालो, खोटंच, तर कपाळाला हात लावला, पिवळा, खरखरीत. पण घशातून आवाज नाही. बोलायची तशी बोलायची. मीठ संपलं, पाणी आलं, एवढं. ऐकताना मात्र नुसती बघायची. आणि बघायचीही माझ्याकडं नाही. कुणी दुसरं बोलत असताना तुम्ही मधे बोललात, तर समोरचा कसा एका डोळ्यानं तुमच्याकडं आणि अर्ध्या मनानं तिकडं असतो, तशी.

मी तिला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं जीभ बघितली, घसा बघितला, "आ" म्हणायला लावलं, ती "आ" म्हणाली. "काही नाही, वय झालंय," डॉक्टर म्हणाला. त्याचं स्वतःचं वय तिच्याइतकंच असेल.

परत येताना जीपमध्ये मी तिला विचारलं, "माय, हूं काहून देत न्हाईस?"

ती बाहेर बघत होती. तशीच, इतक्या हळू बोलली की जीपच्या आवाजात मला वाकावं लागलं.

"देऊन तर राहिले," ती म्हणाली.

५

शेपटं लांब होत चालली होती. नमस्कार झाल्यावर आता नुसता एक हूं नव्हता. हूं, रेघ, हूं, रेघ. रेघा वाक्याएवढ्या लांब. मी त्या ओळखल्या. बापाची वाक्यं कापून मीच त्या केल्या होत्या. मशीन हूं शिकलं तसं रेघाही शिकलं असणार, यात काय नवल? मला या उत्तरानं बरं वाटलं, दुपारपर्यंत.

आकांक्षा मॅडमना फोन लावला. "मॅडम, नमस्कारच्या पुढं जे येऊन राहिलं, ते बंद करा."

"पुढे काय येतंय? आमच्याकडे फाइल नमस्कारलाच संपते."

"माझ्याकडं चालूच असते."

"डाउनलोड खराब होत असेल. ऐकव बरं."

मी लॅपटॉपच्या स्पीकरला मोबाइल लावला. शेपूट वाजलं. 

"मला काहीच ऐकू येत नाहीये, रत्नपाल. फक्त पंखा. जरा तुझा पंखा बंद कर ना, कट कट करतोय."

माडीवर पंखा नाही. आणि सकाळपासून स्टँडकडची लाइट गेलेली होती. लॅपटॉप बॅटरीवर चालला होता. मी बरं म्हणून फोन ठेवला.

मग इअरफोन घातले आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. खाली स्टँडवर कुणीतरी परभणी, परभणी ओरडत होतं. पत्रा उन्हानं तडतडत होता. इअरफोनमध्ये आमची मधली खोली होती. पंखा, त्याचं कट, हळकुंडं सुपात पडल्याचा आवाज. मी रेघांमधला आवाज पुसून टाकला होता, स्वतःच्या हातानं. आता तिथं खोली होती.

"हूं," माय म्हणाली.

आणि पंख्याचा आवाज बसला. बंद नाही झाला. कुणीतरी पंख्याच्या आणि मोबाइलच्या मधे येऊन उभं राहिलं की जसा दबतो, तसा. एका वाक्याएवढा वेळ दबलेला राहिला. मग सुटला.

"हूं," माय म्हणाली. पुन्हा दबला. त्या वेळात बोलणं नव्हतं. मी किती वेळा ऐकलं, शपथेवर सांगतो, एक शब्द नव्हता. फक्त कुणीतरी बोलत असताना खोली जशी असते, तशी खोली होती.

तिसऱ्यांदा सुटल्यावर मायचा आवाज आला. हूं नाही. बोलणं.

"व्हय. येकच हाये."

दबला. सुटला.

"शिकला न्हाई पुढं."

या वेळी फार वेळ दबला. हळकुंडं पडायची थांबली. मग माय घाईघाईनं बोलली, एखाद्या मोठ्या माणसाचे पाय धरावेत तशा आवाजात.

"मी ऐकून राहिले की. मी हूं देऊन राहिले. लेकराला नगा सांगू."

६

मी पळत घरी गेलो. स्टँडपासून घर लांब नाही. ऊन डोक्यावर होतं, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. दार लोटलेलं. आतून आवाज आला.

"हूं."

जाड, खोल, पुरुषाचा.

मी आत गेलो. माय भिंतीला टेकून बसली होती, सूप मांडीवर, हात थांबलेले. बाप पलंगावर मांडी घालून बसला होता, आपला मोबाइल कानाला लावून. मान थोडी वाकलेली. मी बापाला कधी मान वाकवून बसलेलं बघितलं नव्हतं. नवरीमुलीच्या बापासारखा दिसत होता, कुणीतरी मोठा माणूस अटी सांगतोय आणि हा ऐकून घेतोय.

"हूं," तो म्हणाला.

लोकांची गाऱ्हाणी, बायकोची दुखणी, पोराचं आयुष्य, या माणसानं कशालाच हूं दिला नव्हता. पोरगं तापानं फणफणलं तरी याचं भाषण चालू राहिलेलं मी बघितलंय. आणि आता डोळे पाण्यानं भरलेले, ओठ मिटलेले, आणि हूं. हूं. नीट, योग्य जागी, अदबीनं.

"पप्पा, कोन हाये फोनवर?"

त्यानं माझ्याकडं न बघता उजव्या हाताचं बोट वर केलं. थांब. पण हे बोट वेगळं होतं. माझं होऊ दे, असं नव्हतं. त्यांचं होऊ दे, असं होतं.

मी मोबाइल हिसकावून घेतला. स्क्रीन काळी. बटण दाबलं, लाल रेघ आलेली रिकामी बॅटरी दिसली आणि विझली. फोन केव्हाच बंद पडलेला होता.

"पप्पा, कोन बोलून राहिलं होतं? काय म्हणलं?"

बापानं तोंड उघडलं. तालुक्याचा वक्ता. त्याची हनुवटी हलली, शब्द आला नाही. त्यानं मायकडं बघितलं, जसं चूक झालेलं लेकरू बघतं.

"म्या नगा ऐकू म्हणलं हुतं ह्यायला," माय म्हणाली. मग तिनं ओठ दाबले आणि पुन्हा तिकडं लक्ष दिलं. स्टुलावरचा पंखा माझ्या मागं चालू होता, आणि तिची नजर माझ्या आणि पंख्याच्या मधल्या जागेवर होती.

७

त्याच दुपारी मी माडीवर जाऊन आकांक्षा मॅडमना कॉल लावला. म्हणालो, तो आवाज काढून टाका. त्या म्हणाल्या, अरे, तोच तर चालतोय. मी म्हणालो, ज्या बाईचा आवाज आहे, तिचं म्हणणं आहे. यावर त्यांना बोलता येत नव्हतं, कंपनीचा तसा नियमच होता. माझ्यासमोर स्क्रीनवर त्यांनी पद्माबाई नावाचा फोल्डर उघडला, सगळं निवडलं आणि काढून टाकलं. नवीन भाग तपासायला म्हणून एक पत्रक टाकलं. बाई म्हणाली, "अरे वा, किती सुंदर मुद्दा!" मला आयुष्यात कुठला आवाज एवढा गोड लागला नव्हता.

"काय झालं रे नेमकं?" प्रमोदनं विचारलं.

"काही न्हाई. माझ्या मायचं मला परत पायजे होतं."

घरी आलो तर बाप भिंतीकडं तोंड करून झोपला होता, घोरत. माय मधल्या खोलीत हळकुंडं निवडत होती, हात भराभर चालत होते. मी आत आल्याबरोबर तिनं वर बघितलं. सरळ माझ्याकडं, दोन्ही डोळ्यांनी.

"आला का? जेवतो?"

"मग जेवतो. माय, बस, एक सांगायचं हाये."

"हूं," ती म्हणाली.

तो निवडता निवडता दिलेला, जुना, माझा हूं. मी तिच्यासमोर बसलो. पाठीवर पंख्याचा वारा येत होता, मागं कट कट चालू होतं. आणि मी सांगायला लागलो. सांगीन तर हिलाच, असं ठरलेलं होतं आणि ती परत आली होती. आणखी कशाची वाट बघायची?

मी सांगितलं की नांदेडला आम्हाला वर्गापुढं उभं राहून बोलावं लागायचं. हूं. मला विषय येत होता, पण पुढं गेलो की शब्द अडकायचे आणि दर अडकलेल्या जागी मी "म्हणजे" म्हणायचो. हूं. पोरांनी ते मोबाइलवर घेतलं. माझं बाकी सगळं बोलणं कापलं आणि नुसते म्हणजे एकापुढं एक जोडले. म्हणजे, म्हणजे, म्हणजे, म्हणजे. वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. सरांनीसुद्धा हसणारं तोंड टाकलं, चाळीशी उलटलेल्या माणसानं. कँटीनमध्ये, होस्टेलच्या जिन्यात, संडासाच्या दारात माझाच आवाज वाजायचा. शेवटी मी बोलणंच सोडलं, माय. कुणी नाव विचारलं तरी बोलायचो नाही. आणि बोलत नाही म्हणून मला तोंडीत नापास केलं.

"हूं?" ती म्हणाली. शेवट वर उचललेला. खरं म्हणतो?

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "खरं," मी म्हणालो. माझं झालं होतं. एवढी वर्षं घशात बसलेलं सगळं बाहेर आलं होतं आणि घर शांत होतं. बापाचं घोरणं थांबलं होतं. ते केव्हा थांबलं, माझं लक्ष नव्हतं.

माय आता काहीतरी बोलेल, म्हणून मी थांबलो.

 तिचे हात थांबले. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून सरकली, खांद्यावरून मागं गेली, आणि तिथं वर चढत चढत एका उंचीवर थांबली. तिचं तोंड थोडं उघडलं. एक हूं तिनं घशात आणला, मला दिसला तो. नेहमीसारखा द्यायला बघत होती, आवाज उमटला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. तिथं जो होता, त्याला आता तिचा हूं नको होता.

पंख्याचा आवाज बसला.

पाठीवरचा वारा लागेनासा झाला. कट ऐकू येत होतं, पण लांबून, आड कुणीतरी असल्यासारखं. मी वळलो नाही. वळायचं मनात आलं, पण मोठ्या माणसाचं बोलणं चालू असताना हलायचं नसतं, हे ज्या वयात अंगात भरतात त्या वयाचा मी झालो होतो.

सूप उलटलं. माय गुडघ्यांवर पुढं आली आणि तिनं आपला पिवळा, खरखरीत तळवा माझ्या तोंडावर दाबून धरला. दुसऱ्या हातानं माझं डोकं मागून धरलं. ती मान हलवत होती. न्हाई. न्हाई रे लेकरा. तिच्या बोटांना हळदीचा वास येत होता. मी डोळ्यांनीच तिला सांगितलं की माय, मी काही बोलत न्हाई. ओठ दातांखाली घट्ट धरले.

काही ऐकू आलं, असं मला म्हणता येणार नाही. पण समोरच्याचं वाक्य कुठं संपलं, हे आपल्याला कळतं ना, तसं मला कळलं.

तळव्याखाली ओठ मिटलेले होते.

"हूं," मी म्हणालो.